ड्राइव्ह दिसते का? संगणक सुरू होईना तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न

मे महिन्याच्या उत्तरार्धात, वादळी वाऱ्यामुळे नागपुरात संध्याकाळची वीज तासाभरात दोन-तीनदा जाऊन येते त्या दिवसांत, माझ्याकडे येणाऱ्या निरोपांत एक वाक्य हमखास असते: “कॉम्प्युटर चालू होतो, पण विंडोज येत नाही.” पंखा फिरत असतो, दिवा लागलेला असतो आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ अशी एखादी ओळ उमटलेली असते. मग घरातले कुणीतरी तो डबा स्कूटरच्या पायदानावर ठेवून दुरुस्तीला नेते आणि पुष्कळदा पाच मिनिटांत उत्तर मिळते, “फॉरमॅट मारावा लागेल.” आजार न ओळखता सांगितलेला हा उपचार आहे. त्यात वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब, प्रबंध पुसले जातात आणि अनेकदा ज्या ड्राइव्हवर (माहिती साठवणाऱ्या हार्डडिस्कवर किंवा तिच्या जागी आलेल्या, चिपच्या एसएसडीवर) ते होते ती ड्राइव्ह मुळात निर्दोष असते. म्हणून संगणक कुठे अडला आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, आणि त्यातले कोणते दोष आपल्या हाताने दूर करता येतात, ते येथे क्रमाने सांगतो.

त्यासाठी बटण दाबल्यापासून विंडोजचा पडदा दिसेपर्यंत काय घडते ते आधी समजून घ्यावे लागते. सर्वप्रथम मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम जागा होतो. त्याला आपण अजूनही बायोस म्हणतो; हा शब्द १९८१ सालच्या आयबीएम पीसीच्याही आधीपासून वापरात आहे, मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत विकल्या गेलेल्या बहुतेक संगणकांत त्याच्या जागी यूईएफआय ही नवी व्यवस्था आलेली आहे. हा प्रोग्राम रॅम, पडदा, कीबोर्ड तपासतो आणि मग स्वतःजवळच्या यादीनुसार कोणत्या ड्राइव्हकडे आधी जायचे ते ठरवतो.

जुन्या पद्धतीत तो ड्राइव्हचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे माहितीचा पहिला छोटा कप्पा, वाचत असे. हा सेक्टर अवघा ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट विभागांच्या (पार्टिशनच्या) तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखचिन्हासाठी. इतक्याशा जागेत सगळा कारभार बसवल्यामुळे विभागही मुख्य असे चारच करता येत आणि साधारण २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नसे. नव्या पद्धतीत, म्हणजे जीपीटी रचनेत, ड्राइव्हवर एक वेगळा छोटा विभाग राखून ठेवलेला असतो. विंडोजने तो तयार केला असेल तर बहुधा १०० मेगाबाइटचा असतो. ‘धिस पीसी’ उघडल्यावर तो दिसत नाही, कारण त्याला सी, डी असे अक्षरच दिलेले नसते, आणि म्हणूनच तो अस्तित्वात आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. विंडोज बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम, याच विभागात राहतो. त्याच्याजवळ बीसीडी नावाची एक छोटी नोंदवही असते. विंडोज कोणत्या ड्राइव्हच्या कोणत्या विभागात आहे हे त्या वहीत लिहिलेले असते. ती वाचून तो विंडोजचा गाभा आणि अत्यावश्यक ड्रायव्हर (यंत्राच्या भागांशी बोलणारे प्रोग्राम) मेमरीत आणतो, आणि तिथून पुढे विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरच्या आधारे ड्राइव्हशी बोलू लागते.

एवढ्या टप्प्यांपैकी कुठेही काम थांबले तरी आपल्याला दिसणारे फळ एकच असते. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या गल्लीत वाडा आपल्या जागी भक्कम उभा असावा आणि आपल्या हातातला पत्त्याचा कागद मात्र पावसात भिजून गेलेला असावा, तशी ही स्थिती अनेकदा असते. वाडा पडला की कागद भिजला, हे आधी ठरवायला हवे.

पडद्यावरचा मजकूर त्यासाठी मोठी मदत करतो, म्हणून काहीही करण्यापूर्वी मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ याचा अर्थ मदरबोर्डला सुरुवात करण्याजोगे काहीच सापडलेले नाही. निळ्या पडद्यावर शून्य, एक्स, सी अशी सुरुवात होऊन शेवटी ‘०००एफ’ असलेला क्रमांक आणि ‘बूट कॉन्फिगरेशन डेटा’ हे शब्द असतील, तर ड्राइव्ह सापडली आहे, बूट मॅनेजरही चालला आहे आणि अडचण त्या नोंदवहीत आहे. ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे आले, तर विंडोजचा गाभासुद्धा जागा झालेला आहे आणि नंतर त्याला स्वतःची ड्राइव्ह गाठता आलेली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असे दिसले, तर त्या यंत्रावर कधीतरी लिनक्स होते आणि त्याचा विभाग कुणीतरी पुसला आहे किंवा हलवला आहे. पडद्यावर काहीच उमटत नसेल आणि फक्त बीप ऐकू येत असतील, तर बहुधा रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा वीजपुरवठ्याचा प्रश्न असतो. ड्राइव्हची पाळी तिथपर्यंत आलेलीच नसते.

आता शीर्षकातला प्रश्न. संगणकाला जोडलेले पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्डडिस्क असे सगळे काढावे, कारण यादीत पेनड्राइव्हचा क्रमांक वर असेल आणि त्यावर विंडोज नसेल तर एवढ्यानेही काम अडते. मग संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ २ हे बटण पुन्हा पुन्हा दाबून बायोसच्या पडद्यावर जावे. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफ १० किंवा एस्केप असते. तिथे ड्राइव्हचे नाव आणि तिची क्षमता दिसते का, एवढेच पाहायचे आहे. या एका निरीक्षणाने निम्म्याहून अधिक शक्यता बाद होतात. ड्राइव्ह दिसत नसेल तर दोष तारेचा, खाचेचा, विजेचा किंवा ड्राइव्हच्या शरीराचा. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याची गोष्ट करणे निरर्थक आहे, कारण टाकणार कशावर? ड्राइव्ह दिसत असेल तर दोष बहुधा लिहिलेल्या माहितीत किंवा सेटिंगमध्ये आहे आणि तो फॉरमॅटशिवाय सुधारण्याची शक्यता चांगली असते.

ड्राइव्ह दिसत नाही, हा प्रकार आधी घेऊ. डेस्कटॉपमध्ये साटा हार्डडिस्क किंवा एसएसडी असेल तर तिला दोन जोड असतात, ७ संपर्कांची माहितीची केबल आणि १५ संपर्कांची विजेची केबल. मुख्य प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी आणि मग दोन्ही जोड काढून पुन्हा नीट बसवावेत. तेवढ्याने भागले नाही तर मदरबोर्डवरची दुसरी खाच वापरून पाहावी, आणि तरीही नाहीच तर माहितीची केबल बदलावी. नागपुरात या पायरीला मी जास्त महत्त्व देतो, कारण एप्रिल ते जून ज्या खोलीत कुलर चालतो त्याच खोलीत पुष्कळ घरांतला संगणक असतो. दमट हवा, तिच्यातली धूळ आणि आत अखंड फिरणारा पंखा असे तिन्ही एकत्र आले की जोडांवर मळाचा थर बसतो आणि संपर्क अधूनमधून तुटू लागतो. कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर येत असेल तर संगणकाची जागा आजच बदलावी.

नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढी असते आणि एकाच स्क्रूने बसवलेली असते. तो स्क्रू ढिला होऊन पट्टी खाचेतून किंचित वर आली तरी ती बायोसमधून नाहीशी होते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. एम डॉट टू हे नाव फक्त आकाराचे आहे. त्याच आकारात साटा पद्धतीच्याही एसएसडी मिळतात आणि एनव्हीएमई पद्धतीच्याही. खाच एकाच पद्धतीची असेल तर दुसऱ्या पद्धतीची पट्टी व्यवस्थित बसूनही दिसत नाही, आणि निर्दोष वस्तू ‘डेड’ ठरवून परत केली जाते. याच्या उलट असाही प्रसंग येतो की बायोसमध्ये ड्राइव्ह दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये ड्राइव्हची यादी रिकामी असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर ड्राइव्ह हाताळणारी व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते आणि इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून दिला की ड्राइव्ह दिसू लागते.

हे सगळे करून पाहिल्यावर ड्राइव्ह यूएसबीच्या डब्यात घालून दुसऱ्या संगणकाला लावावी. तिथेही तिची काहीच हालचाल दिसली नाही तर ती खरोखर गेली आहे. एसएसडी बहुधा पूर्वसूचना न देता जाते, हे तिचे मोठे वैगुण्य आहे. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क मात्र जाण्यापूर्वी मंदावते, अडखळते, कधी ठरावीक अंतराने टकटक करते. तशी टकटक ऐकू आली आणि आतली माहिती अमूल्य असेल, तर तिला पुन्हा वीज देऊ नये. वाचणारे हेड बिघडलेले असते आणि ते प्रत्येक फेऱ्यात तबकडी खरवडू शकते. पुढचे काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचे.

आता ड्राइव्ह दिसते आणि तरीही विंडोज येत नाही, हा प्रकार. येथे एक प्रसंग सांगतो. त्रिमूर्तीनगरातले एक निवृत्त शिक्षक उन्हाळ्याचे दोन महिने मुलाकडे राहून परतले, तेव्हा त्यांचा सात वर्षांचा डेस्कटॉप ‘रिबूट अँड सिलेक्ट’वर अडून बसला. त्यावर त्यांनी वडिलांच्या मोडी कागदपत्रांचे देवनागरीत केलेले लिप्यंतर होते आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. दुकानात त्यांना फॉरमॅटच सुचवला गेला होता. मी बायोस उघडला तर ड्राइव्ह तिच्या नाव-क्षमतेसह समोर दिसत होती. मात्र त्याच पडद्यावरची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली होती. तारखेनेच उलगडा झाला. मदरबोर्डवर २० मिलिमीटर व्यासाची आणि ३.२ मिलिमीटर जाडीची, म्हणूनच सीआर २०३२ या नावाची, ३ व्होल्टची एक बटण बॅटरी असते. मुख्य वीज बंद असताना घड्याळ आणि सेटिंग तिच्यावर टिकतात. ती संपलेली होती. दोन महिने भिंतीवरचे बटण बंद राहिल्यामुळे सेटिंग कारखान्यातून आले तेव्हाच्या स्थितीत गेले होते, आणि त्या बोर्डाची ती मूळ स्थिती जुन्या पद्धतीने बूट करण्याची होती. जीपीटी रचनेच्या ड्राइव्हवर जुन्या पद्धतीचा प्रोग्राम सापडणार कसा? बूट मोड पुन्हा यूईएफआयवर नेऊन सेव्ह केले आणि विंडोज आली. बॅटरी त्याच दिवशी बदलली.

याच कारणाने आणखी एक सेटिंग बदलू शकते, ते म्हणजे साटा ड्राइव्हशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, एएचसीआय की रेड. विंडोज ज्या स्थितीत टाकली त्या स्थितीचाच ड्रायव्हर ती सुरुवातीला मेमरीत आणते. सेटिंग बदलले की ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येते आणि पूर्ववत केले की जाते. म्हणून चांगल्या स्थितीतल्या संगणकाच्या बायोसचे दोन-तीन पडदे फोटो काढून आजच जपून ठेवावेत, असा माझा आग्रह असतो.

दुसरा प्रकार एसएसडी लोकप्रिय झाल्यापासून फार वाढला आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकतात आणि जुनी हार्डडिस्क डेटासाठी तशीच जोडलेली ठेवतात. इन्स्टॉलेशनच्या वेळी हार्डडिस्कवर तो १०० मेगाबाइटचा विभाग आधीच असेल, तर विंडोज बूटच्या फाइली पुष्कळदा त्याच विभागात ठेवते. म्हणजे विंडोज नव्या ड्राइव्हवर आणि तिचा पत्ता जुन्या ड्राइव्हवर. तीन-चार वर्षांनी हार्डडिस्क खराब झाली म्हणून काढली की एसएसडी ठणठणीत असूनही संगणक उठत नाही. नंदनवनातल्या एका फोटो स्टुडिओत नेमके असेच झाले होते आणि लग्नांच्या मोसमात एसएसडी गेली या भीतीने मालकांची झोप उडाली होती. अशा वेळी एसएसडीवरच्या मोठ्या विभागातून दोन-तीनशे मेगाबाइट जागा मोकळी करून तिथे तसाच छोटा बूटचा विभाग (त्याला ईएफआय विभाग म्हणतात) नव्याने तयार करावा, तो फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करावा आणि बीसीडीबूट या कमांडने बूटच्या फाइली त्यात नव्याने लिहाव्यात. टाळण्याचा मार्ग याहून सोपा आहे: नव्या ड्राइव्हवर विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या ड्राइव्हच्या केबल काढून ठेवाव्यात.

बीसीडीबूटबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नोंदवही बिघडल्याच्या सर्व प्रकारांत तीच उपयोगी पडते. आधी दुसऱ्या एखाद्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून किमान ८ गीगाबाइटच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलेशनचे माध्यम तयार करावे. बिघडलेला संगणक त्यावरून सुरू करावा आणि ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ (नव्या माध्यमात ‘रिपेअर माय पीसी’) निवडावे. प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’ला एक संधी द्यावी, साध्या बिघाडात ते पुरते. ते हरले तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून डिस्कपार्ट या विभाग हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये विभागांची यादी पाहावी. या वातावरणात अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणजे नेहमीचा सी विभाग येथे डी किंवा ई म्हणून दिसू शकतो. म्हणून अक्षरावर विसंबून न राहता ज्या विभागात ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ हे फोल्डर आहेत तो शोधावा. फॅट ३२ पद्धतीच्या छोट्या विभागाला तात्पुरते एखादे अक्षर द्यावे, डिस्कपार्टमधून बाहेर यावे आणि बीसीडीबूटला दोन गोष्टी सांगाव्यात, विंडोजच्या फोल्डरचा पत्ता आणि त्या छोट्या विभागाचे अक्षर. एका सेकंदात फाइली नव्याने लिहिल्या जातात. इंटरनेटवर ‘फिक्स एमबीआर’ आणि ‘फिक्स बूट’ या कमांड उदंड सुचवल्या जातात; त्या मुख्यतः जुन्या, पहिल्या सेक्टरवरून सुरू होणाऱ्या ड्राइव्हसाठी आहेत आणि जीपीटीवर त्यांनी प्रश्न सुटत नाही. डिस्कपार्टमधली ‘क्लीन’ ही कमांड मात्र चुकूनही देऊ नये, कारण ती विचारणा न करता विभागांचा सगळा तक्ता पुसते.

येथपर्यंतचे सर्व उपाय ड्राइव्ह निरोगी आहे असे धरून सांगितले. ती आजारी असेल तर क्रम उलटतो: आधी माहिती बाहेर काढायची, नंतर दुरुस्ती. उबुंटूसारखे लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवता येते आणि त्यातून फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. तिथेच ड्राइव्हचा स्मार्ट अहवालही, म्हणजे तिने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, वाचता येतो. हार्डडिस्कच्या बाबतीत त्यातल्या चार ओळी पाहाव्यात. क्रमांक ५ ही बदललेल्या सेक्टरांची, १९७ ही वाचता न आलेल्या आणि निर्णय बाकी असलेल्या सेक्टरांची, १९८ ही पूर्ण हरलेल्या सेक्टरांची संख्या सांगते, आणि या तिन्हींपैकी कुठलीही संख्या वाढत असेल तर ड्राइव्हवर भरवसा ठेवू नये. १९९ ही ओळ वेगळी आहे. ती वाढत असेल तर ड्राइव्हपेक्षा केबलवर आधी संशय घ्यावा. आजारी ड्राइव्हवर ‘चेकडिस्क’ चालवण्याची घाई अनेकांना महागात पडली आहे, कारण ती तासन्‌तास प्रत्येक कोपरा वाचायला लावते आणि सापडलेल्या तुटक नोंदी ‘सुधारताना’ फाइली गमावते. डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्राम आधी सहज वाचता येईल तेवढे उतरवून घेतो, अवघड जागा नकाशात टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो; दुरुस्तीचे प्रयोग मग त्या प्रतीवर करावेत.

लॅपटॉपमध्ये आणखी एक कुलूप असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक लॅपटॉपवर बिटलॉकरचे कूटलेखन आपोआप चालू झालेले असते. तेव्हा ड्राइव्ह दुसरीकडे लावली, बायोसमधले काही सेटिंग बदलले किंवा रिपेअरमध्ये गेले की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर आतली माहिती कुणालाही, कंपनीलाही, उघडता येत नाही. ही की बहुधा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप नीट चालू आहे तोवर ती कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवावी.

उन्हाचा संबंध किती, असे मला नेहमी विचारतात. नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेले होते, तर घरगुती हार्डडिस्कची कमाल मर्यादा साधारणपणे ६० अंश असते. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा बरीच गरम असते, त्यामुळे मे अखेरच्या नवतपात बंद खोलीत दुपारभर चालणारी डिस्क त्या मर्यादेच्या जवळ जाते. तरीही माझ्या अनुभवात उन्हापेक्षा अचानक जाणाऱ्या विजेने अधिक नुकसान केले आहे. विंडोजची एनटीएफएस व्यवस्था फाइलींच्या नोंदी सांभाळण्यासाठी रोजनिशी ठेवते, पण बूटच्या छोट्या विभागात वापरली जाणारी फॅट ३२ तशी रोजनिशी ठेवत नाही. त्या विभागात लिहिले जात असताना, विशेषतः विंडोज अपडेट चालू असताना, वीज गेली तर पत्त्याचाच कागद फाटतो. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस हवा, आणि तो दहा मिनिटे खरोखर तग धरतो का हे पावसाळ्यापूर्वी एकदा प्लग काढून पाहावे.

त्या शिक्षकांच्या संगणकाची बॅटरी बदलल्यावरही मी एक गोष्ट करायला सांगितली होती आणि ती प्रत्येक दुरुस्तीनंतर करावी. लिप्यंतराची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरल्यावर त्यांनी संगणक बंद केला, भिंतीतला प्लग रात्रभर काढून ठेवला आणि सकाळी पुन्हा जोडून बायोस उघडला. घड्याळ बरोबर होते आणि बूट मोडही यूईएफआयवरच होता.